तीस-पस्तीस माणसांचा पगार: एक्सेल, टॅली की एचआर सॉफ्टवेअर?

भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं तीस-पस्तीस माणसांचं वर्कशॉप डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय. दोन-तीन पाळ्या, थोडाफार ओव्हरटाइम, ऑफिसात चार-पाच जण आणि भरतीपासून पगारापर्यंत सगळं बघणारी एकच व्यक्ती. एवढी माणसं म्हटल्यावर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आहे, ईएसआय (कामगार विमा) आहे, व्यवसाय कर आहे. पगार ७ तारखेच्या आत, पीएफ-ईएसआयची चलनं १५ च्या आत. सॉफ्टवेअर घ्यायचं का, आणि घेतलं तर कोणतं, हा प्रश्न इथे दर महिन्याला निघतो.

निवडीआधी आपला वेळ नेमका कुठे जातो ते बघा. पगाराचं गणित मुळात अवघड नाही. भरलेले दिवस एकदा ठरले की एक्सेल ते काही मिनिटांत करतं. महिन्याचा पहिला आठवडा खाते ती हजेरी. रात्रपाळीचा माणूस पावणेअकराला हजेरीच्या मशीनवर बोट ठेवून (पंच करून) आत येतो आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडतो. मशीनमधून काढलेल्या साध्या फाइलीत एका तारखेला त्याचं नुसतं ‘इन’ दिसतं, दुसऱ्या तारखेला नुसतं ‘आउट’. म्हणजे दोन्ही दिवस अर्धवट. लेथवर काम करून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्यांचा पंच लागत नाही, म्हणून त्यांची सही गेटवरच्या वहीत. त्यात तोंडी सांगून घेतलेली रजा, सुपरवायझरच्या चिठ्ठीवरचा ओव्हरटाइम, मधेच दिलेली उचल. म्हणून सॉफ्टवेअर आधी हजेरीच्या बाजूने तपासावं, पगाराच्या बाजूने नंतर, असं माझं ठाम मत आहे.

एक्सेल आणि महिन्याची फी घेणारा पीएफ कन्सल्टंट ही जोडी दहा-पंधरा माणसांपर्यंत उत्तम चालते. खर्च कमी, आणि खात्याची नोटीस आली तर धावून येणारा माणूस हाताशी. अडचण येते ती अपवादांत. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असेल तर व्यवसाय कर महिना २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००. महिलांना मात्र २५,००० पर्यंत तो लागतच नाही. ईएसआयचं तर आणखी नाजूक. समजा जुलैत एखाद्याचा पगार २०,५०० वरून २१,८०० झाला. मर्यादा २१,००० ची, म्हणून शीटमधलं सूत्र त्याची कपात तिथेच थांबवतं. प्रत्यक्षात एप्रिल-सप्टेंबर हा अंशदानाचा (वर्गणीचा) काळ संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते, तीही पूर्ण २१,८०० वर: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. ही चूक उशिरा सापडली तर दोन्ही हिस्से भरायची जबाबदारी मालकावर येते.

हिशेब टॅली प्राइममध्ये असतील तर त्यातलंच पेरोल वापरायचा मोह होतो, आणि तो चुकीचा नाही. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर त्यात बसतो, पगाराची नोंद थेट खात्यांत जाते, अकाउंटंटला नवीन काही शिकावं लागत नाही. पण भरलेले दिवस टॅलीला कुणीतरी द्यावेच लागतात. म्हणजे खरा वेळखाऊ भाग जिथल्या तिथे. एकाच पाळीच्या, ओव्हरटाइम नसलेल्या ऑफिसला टॅली पुरतं. शॉप फ्लोअरला, म्हणजे जिथे मशीनवर काम चालतं तिथे, नाही.

ग्रेटएचआर, केका, झोहो ही क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची सॉफ्टवेअरं हजेरी, रजा आणि पगार एका धाग्यात आणतात. बिल सहसा माणसांच्या संख्येवर येतं. झोहोमध्ये रजा-हजेरीचं पीपल आणि पगाराचं पेरोल ही दोन वेगळी उत्पादनं आहेत, तेव्हा दर विचारताना दोन्हींचा विचारा. डेमोच्या वेळी तयार दाखवलेलं पाहू नका. आपल्याच मशीनची गेल्या महिन्याची फाइल द्या आणि रात्रपाळीचा एक माणूस दाखवायला सांगा. पंच राहून गेला तर दुरुस्ती कोण करतं आणि तिची नोंद राहते का, उचलीचे हप्ते आपोआप कापले जातात का, तेही बघा. आणखी एक: लॉगिन ईमेलवर येत असेल तर शॉप फ्लोअरवरच्या किती जणांकडे ईमेल आहे? पगारपावती व्हॉट्सॲपवर किंवा छापून मिळाली नाही, तर ती कामगारापर्यंत पोचतच नाही. आपला पगार कसा निघाला हे कळणं हा त्याचा हक्क आहे, सोय म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

मुंबईच्या फ्रॅप्पे कंपनीचं फ्रॅप्पे एचआर मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, परवान्याचे पैसे नाहीत. पण सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट सांभाळणारं कुणी घरचं नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्या, त्यामुळे एक्सेलचं पारडं आणखी हलकं झालं. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा, आणि नोकरी सोडणाऱ्याचं फुल अँड फायनल (शेवटचा सगळा हिशेब) दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. उरलेल्या रजा आणि उचल वेगवेगळ्या वह्यांत असतील तर दोन दिवसांत हा हिशेब बसत नाही.

माझी निवड विचाराल तर तीस-पस्तीस माणसांच्या, पाळ्या असलेल्या वर्कशॉपने क्लाउडचं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कन्सल्टंट लगेच सोडू नये. सॉफ्टवेअर पीएफची ईसीआर फाइल (दर महिन्याचं विवरण) तयार करून देईल. पण आधार आणि यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक) यांवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला की तो निस्तरायला माणूसच लागतो. घेताना, बंद करायची वेळ आली तर जुनी हजेरी आणि पगारपत्रकं एक्सेलमध्ये परत मिळतील, हे लेखी घ्या.

सुरुवात एप्रिलपासून करा. आयकराचं वर्ष आणि ईएसआयचा अंशदान काळ दोन्ही तेव्हाच सुरू होतात, त्यामुळे मागच्या महिन्यांचे आकडे भरत बसावं लागत नाही. त्याआधी फेब्रुवारी आणि मार्चचा पगार जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींनी काढून ताडून बघा. फेब्रुवारीत व्यवसाय कराचे ३०० आपोआप कापले गेले का, ते त्यातच दिसेल.