३८४ कुठून आले? ग्रँट-लेखनाच्या कोर्सनंतरचे दहा महिने

गेल्या वर्षी जूनमध्ये मी ग्रँट-लेखनाच्या, म्हणजे संशोधनासाठी निधी मागणारे अर्ज लिहायला शिकवणाऱ्या एका कोर्सला १८,००० रुपये भरले, स्वतःच्या खिशातून. कोर्सचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तिथली बरीच माणसं आता चांगल्या ओळखीची झाली आहेत. पण मेडिकल कॉलेजात नव्याने लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरांचे "मॅडम, करू का?" असे मेसेज महिन्यातून दोनदा तरी येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनला, म्हणजे आपल्या भाषेत पीएसएमला (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन). एमडी होऊन चार वर्षं झाली. बीसीबीआर, म्हणजे आयसीएमआरच्या चेन्नईतल्या एनआयईचा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) संशोधनपद्धतीचा बेसिक कोर्स, आधीच झालेला. प्रमोशनच्या फायलीत सर्टिफिकेट लागतं म्हणून सगळे करतात, पण तो वाईट मुळीच नाही. कोहॉर्ट म्हणजे काय, केस-कंट्रोल कधी घ्यायचा, बायस कुठून शिरतो, हे तिथे नीट कळतं. फक्त आपल्या प्रश्नावर एखाद्या अनोळखी माणसाने पैसे का लावावेत, हे त्याला कसं पटवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. थीसिसला पैसे लागतच नाहीत ना. पीजी आपल्या पेट्रोलवर करतो.

कोर्स असा होता: चार महिने एक शनिवार आड ऑनलाइन वर्ग, पाच जणांमागे एक मेंटर, दर बुधवारी रात्री ९ ते १० 'लेखन-तास', आणि सप्टेंबरअखेर पुण्यात तीन दिवस प्रत्यक्ष. त्या तीन दिवसांसाठी मला कॉलेजातून ऑन ड्यूटी एकाच दिवसाची मिळाली. उरलेले दोन सीएल गेले.

माझा विषय ऊसतोड कामगारांमधला बीपी. आमच्या आरएचटीसीच्या (कॉलेजच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्राच्या) गावांतून दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव उठतं, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातं, ते मार्च-एप्रिलला परततं. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा उच्च रक्तदाबावरचा सरकारी कार्यक्रम २०१७ मध्ये जाहीर झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याचा गाभा असा की रुग्णाची नोंद करायची, ठरलेली औषधं द्यायची आणि घराजवळच्या केंद्रात महिन्याच्या महिन्याला बघायचं. पण जो माणूस पाच-सहा महिने घराजवळ नसतोच, त्याच्या गोळ्यांचं काय होतं? एवढाच माझा प्रश्न. मात्र तो 'एवढाच' आहे हे मला कोर्सच्या आधी माहीत नव्हतं. पहिल्या मसुद्यात सहा उद्दिष्टं होती: प्रमाण, कारणं, ज्ञान, दृष्टिकोन, आहार आणि शेवटी एक आरोग्यशिक्षण कार्यक्रमसुद्धा.

मेंटरने पहिल्याच पानावर लाल रेघ मारली. मी सुरुवात केली होती जागतिक आकड्याने: जगात ३० ते ७९ वयातल्या १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. आकडा जागतिक आरोग्य संघटनेचाच, २०१९ सालचा. समासात शेरा आला: "जगातले १२८ कोटी ठीक. तुमच्या आरएचटीसीच्या रजिस्टरमध्ये किती?" मला माहीत नव्हतं. सोमवारी जाऊन मोजले, तर एनसीडीचं (असंसर्गजन्य आजारांचं) रजिस्टर एक सांगतं, औषधवाटपाचं दुसरं, आणि ऑनलाइन नोंद तिसरंच. तीन आकड्यांचा मेळ लावायला आठवडा गेला. आता अर्जाचा पहिला परिच्छेद त्या मेळाचा आहे आणि १२८ कोटींना तिथे जागा नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मसुद्यांची पहिली ओळ तेव्हा एकसारखी होती, "आज भारतासमोर अमुक आजाराचे वाढते आव्हान उभे आहे". चॅटजीपीटीने लिहिली की आमच्या पाठ्यपुस्तकी सवयीने, देव जाणे.

दुसरी काट उद्दिष्टांची. 'टु स्टडी' हे क्रियापद कोर्समध्ये बंदीच होतं. अभ्यास करणार म्हणजे नेमकं काय करणार: मोजणार, तुलना करणार की काही देऊन बघणार? सहा उद्दिष्टांचं शेवटी एक उरलं: नोंदणी झालेल्या बीपीच्या रुग्णांपैकी हंगामात सलग सात दिवस किंवा जास्त विनागोळी राहिलेल्यांचं प्रमाण काढणं. सहाची एक होताना वाईट वाटतं. मला तर वाटलं, एवढ्याशा कामाला कोण पैसे देणार?

वेळापत्रकाची चूक मात्र मेंटरच्याही नजरेतून सुटली. मी गँट चार्ट झकास रंगवला होता, माहितीसंकलन नोव्हेंबर ते मार्च. उपकेंद्रावरच्या सिस्टरला सहज दाखवला, तर ती हसायलाच लागली. "मॅडम, नोव्हेंबरात इथं कोण असतंय? म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. सगळे कोयते गेलेले असतात." (नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात.) ज्या लोकांच्या जाण्याबद्दल मी अर्ज लिहीत होते, त्यांच्या जाण्याच्याच महिन्यांत मी त्यांच्या दारात उभी राहणार होते. म्हणजे काम एप्रिलपासून, आणि खरिपाची पेरणी सुरू झाली की पुन्हा कुणी सापडत नाही, म्हणून जूनच्या मध्यापर्यंत. कामाचे धरून साठेक दिवस.

आणि मग ते ३८४.

पुण्यात मॉक रिव्ह्यू होता, म्हणजे अर्जांच्या परीक्षणाची रंगीत तालीम. समोर तिघं परीक्षक, अर्जदाराने मागच्या खुर्चीत गप्प बसायचं. आपल्या अर्जाबद्दल लोक बोलतात आणि आपण एक अक्षर काढायचं नाही. पंधरा मिनिटं फार मोठी असतात, हे मला व्हायव्हातही इतकं जाणवलं नव्हतं. शेवटी फक्त थेट प्रश्नाला उत्तर द्यायची मुभा. संख्याशास्त्राचे सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "३८४ कुठून आले?"

पीएसएमवाल्यांना हा आकडा नवा नाही. प्रमाण ५० टक्के धरा, चूक ५ टक्के, विश्वासपातळी ९५ टक्के, की किती माणसं तपासायची त्याच्या सूत्रातून ३८४ पडतात. भारतातल्या कुठल्याही कॉलेजातले थीसिस उघडा, दर दुसऱ्यात ३८४ सापडतील. मी म्हटलं, आधीचा अभ्यास नाही म्हणून ५० टक्के धरले. ते त्यांना मान्य होतं. पुढचा प्रश्न, "गावं किती?" तीस. "एका गावची माणसं एकाच मुकादमाबरोबर एकाच कारखान्यावर जातात ना? मग तिथे दवाखाना लांब असला तर सगळ्यांच्याच गोळ्या संपतील. एका गावातल्या तेरा जणांकडून तुम्हाला तेरा वेगळी उत्तरं मिळणार नाहीत."

क्लस्टर (एकसारखी उत्तरं देणारा गट), डिझाइन इफेक्ट (त्यामुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) हे शब्द मी दर वर्षी सेकंड एमबीबीएस-थर्ड एमबीबीएसला शिकवते. आपल्याच अर्जात ते लावायचे राहिले होते. त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत पुन्हा मांडलं. डिझाइन इफेक्ट २ धरला तर ७६८. दहातला एक सापडणार नाही असं धरून ८५४. एक फील्ड वर्कर दिवसाला सहा मुलाखती करतो, कारण बीपी दोनदा मोजायचा, मध्ये पाच मिनिटं बसवायचं, आणि चहा नाकारता येत नाही. म्हणजे १४२ दिवसांचं काम. माझ्या बजेटमध्ये एका माणसाचा दोन महिन्यांचा पगार होता! दोन माणसं घेतली तर प्रत्येकी ७१ दिवस, साठात बसत नाही. तीन घेतली तर ४८, बसतं. तीन पगार, तीन बीपी मशीन, तिघांचा प्रवास. सरांच्या एका प्रश्नाने नमुना हलला, त्याने कॅलेंडर हललं, कॅलेंडरने बजेट. तोवर मी हे तीन रकाने तीन वेगवेगळ्या दिवशी भरले होते. १८,००० रुपयांतले निम्मे तरी त्या एका संध्याकाळचे, असं मी धरते.

त्याच मॉकची दुसरी गंमत. गुण एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पद्धतीने होते, १ ते ९. मला ७ मिळाले, मी खूश. शेजारी गोव्याच्या एक डॉक्टर होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तिकडे १ सगळ्यांत चांगला."

यावरूनच पहिली तक्रार. कोर्सची जवळजवळ निम्मी उदाहरणं अमेरिकेची. टेक्सासहून एक मराठी संशोधक दोन शनिवार शिकवायला आले, माणूस फार चांगला, आणि 'स्पेसिफिक एम्स'चं, म्हणजे नेमक्या उद्दिष्टांचं एक पान कसं बांधायचं हे त्यांनी जसं दाखवलं तसं कुणी दाखवलं नाही. पण पुढचा पूर्ण तास के-अवॉर्ड आणि आरओ-वन या एनआयएचच्या दोन ग्रँटमधल्या फरकावर गेला. पंचवीस जणांपैकी तेविसांना त्याचा उपयोग नव्हता. त्या तासात इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ फेलोशिपचा एखादा अर्ज उलगडून दाखवला असता, किंवा आयसीएमआरच्या ई-पीएमएस पोर्टलवर शब्दमर्यादेच्या चौकटी भरताना अर्जाचा कसा चुराडा होतो ते, तर बरं झालं असतं.

दुसरी तक्रार मोठी. कोर्स 'सबमिट' बटणापाशी संपतो. त्यानंतर जे सुरू होतं त्यावर चार महिन्यांत मिळून वीस मिनिटं. एथिक्स कमिटीची बैठक आमच्याकडे कधी होईल याचा नेम नाही. बजेटच्या कागदावर डीनची सही हवी, तर डीन साहेब मिटिंगला मुंबईत. पैसे आले तर ते कुठल्या खात्यात, पीएफएमएसवर (सरकारी निधीच्या ऑनलाइन हिशेबावर) कोण चढवणार, फील्ड वर्कर नेमायची जाहिरात कोण काढणार, वर्षाअखेर सरकारी वित्तीय नियमांच्या जीएफआर १२-ए नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे खर्च झाले त्याचा दाखला) कोण करणार? ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. अकाउंट सेक्शनच्या बाबूंना मी याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे शेवटची ग्रँट आली तेव्हा मी नव्हतो." हे सगळं मी त्यांच्याबरोबर बसून, चहा पाजून, एकेक फॉर्म काढून शिकले.

आमच्यातला एक जण विदर्भातल्या संस्थेत काम करतो. त्याचा बेत असा की परदेशी निधी मोठ्या संस्थेने घ्यायचा आणि त्यातला काही वाटा त्याच्या संस्थेला द्यायचा. अर्ज दोन महिने घोटला. अर्ज गेल्यावर कुणीतरी सांगितलं की २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली (परदेशी निधीच्या कायद्याखाली) आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही पायरी असते. अशी एक ओळ पहिल्या शनिवारी फळ्यावर लिहिली असती तर त्याचे दोन महिने वाचले असते.

बाकीचं थोडक्यात. ड्राइव्हवरच्या पीडीएफच्या ढिगातल्या मी मोजून सहा उघडल्या. त्यातले नावं झाकलेले तीन मंजूर अर्ज मात्र पुन्हा पुन्हा वाचते. 'नेटवर्किंग डिनर' बरं होतं. करिअर प्लॅनिंगच्या सत्रात पाच वर्षांनी मी कुठे असेन ते लिहायला सांगितलं. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. बुधवारचा लेखन-तास मला सुरुवातीला पोरखेळ वाटला होता, कॅमेरा चालू, माइक बंद, सगळे आपापलं लिहिताहेत. तोच अजून टिकलाय. कोर्सवाल्यांनी लिंक बंद केल्यावर आम्हीच नवी काढली. बारा जणांनी सुरुवात केली, आता पाच उरलो आहोत. एकीचं बाळ मांडीवर असतं, एक जण ड्यूटी रूममधून येतो. उद्याचे डबे, रोस्टर, असेसमेंटच्या फायली सगळं असतंच, पण बुधवारी नऊ वाजता चार जण वाट बघत असतात म्हणून लॅपटॉप उघडला जातो.

निकाल विचाराल तर पहिला अर्ज नोव्हेंबरात एका राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेकडे टाकला, मार्चमध्ये नाकारला गेला. शेरा दोन ओळींचा. एक ओळ अशी की रुग्णाला महिन्यांनंतर आठवून सांगायला लावणार, त्यावर भरवसा काय? बरोबर होतं. मेंटरला मेल केला, कोर्स संपून पाच महिने झाले होते तरी त्यांनी दोन दिवसांत फोन केला, आणि हंगामात दर महिन्याला फोनवरून गोळ्या विचारायच्या असं ठरलं. एप्रिलमधल्या घरभेटी त्याला जोडून. तोच अर्ज आटोपशीर करून दुसरीकडे दिला, तिथून मे महिन्यात मंजुरीचं पत्र आलं. रक्कम लहान आहे, तीन पगार जेमतेम बसतात.

कोर्स घ्यायचा की नाही, तर हातात स्वतःचा प्रश्न असेल तरच घ्या. बॅचमध्ये सात-आठ जण "विषय कोर्समध्येच ठरवू" म्हणून आले होते, त्यांचे पहिले दोन महिने वाहून गेले. आणि जाण्याआधी आपल्या अकाउंट सेक्शनमध्ये एक चक्कर मारा, फुकट असते.

सध्या आमच्याकडे एथिक्सची मंजुरी आहे, मंजुरीचं पत्र आहे, पहिला हप्ता नाही. फोनवरून विचारायचं तर नंबर हवेत, आणि नंबर घ्यायचे तर गाव उठायच्या आत, म्हणजे दसऱ्यापर्यंत. म्हणून या महिन्यापासून शनिवारी दुपारी मी आणि दोन इंटर्न माझ्या गाडीने एकेक गाव करतोय. प्रवासखर्चाचं हेड मी बजेटमध्ये एप्रिलपासून धरलं होतं.