डेडवूड: द मूव्ही, काही महिने परत परत पाहिल्यावर

डेडवूड या अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या गावावरची सिरीज संपल्या संपल्या तिच्या पुढची गोष्ट सांगणारा हा पिक्चर पाहिला आणि तेव्हापासून अधूनमधून लावत असतो, म्हणून आता लिहितोय. स्पॉयलर आहेत.

एचबीओ या अमेरिकन चॅनलने २००६ मध्ये तीन सीझनवर सिरीज गुंडाळली तेव्हा शेवट काय होता, तर जेम सलून या दारूच्या गुत्त्याचा मालक अल स्वेअरेंजन गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त घासतोय. त्याच्या गुत्त्यात आधी वेश्या असलेल्या ट्रिक्सीने बडा खाणमालक हर्स्टवर गोळी झाडलेली, हर्स्टला तिचा जीव हवा होता, आणि अलने तिच्या जागी जेन नावाच्या भलत्याच पोरीचा गळा चिरून प्रेत ट्रिक्सीचं म्हणून खपवलं. हर्स्ट निवांत गाव सोडून निघून गेला. पिक्चर आला थेट २०१९ ला.

पिक्चरमध्ये आता साल १८८९, साउथ डकोटा राज्य झाल्याचा सोहळा. हर्स्ट कॅलिफोर्नियाचा सिनेटर बनून परत आलाय आणि टेलिफोनच्या तारा न्यायला त्याला गावातल्या चार्ली अटरची जमीन पाहिजे. चार्ली नाही म्हणतो, मग पुढे काय ते कळतंच. हा भाग घाईघाईत उरकलाय असं मला आजही वाटतं. आणि मधेमधे जुन्या सीनचे तुकडे टाकलेत ते अजिबात नको होते, ज्याने ३६ एपिसोड पाहिलेत त्याला आठवण कशाला करून द्यायची?

पण ट्रिक्सी! गरोदर आहे, दिवस भरत आलेत, हर्स्ट खाली रस्त्यावरून मिरवत चाललाय आणि ही बाल्कनीत येऊन सगळ्या गावादेखत त्याला शिव्या हासडते, म्हणजे जी मेली असं दाखवून वाचवली होती ती स्वतःच्या तोंडाने सांगते की मी जिवंत आहे. पहिल्यांदा मला हा नुसता राग वाटला होता. परत पाहताना कळतं की जेनचं मरण ती इतकी वर्षं छातीवर घेऊन जगलीये. पॉला माल्कमसनने काय काम केलंय राव! पुढे लिव्हर खलास झालेला अल आपलं जेम सलून तिच्या नावावर करतो, तेही मग नुसतं बक्षीस वाटत नाही, जुनी बाकी फेडल्यासारखं वाटतं.

लेखक डेव्हिड मिल्चला अल्झायमर आहे हे त्याच वर्षी जाहीर झालं, ते माहीत असल्यावर इयन मॅक्शेनचा थकलेला अल बघवत नाही.

सबटायटल लावूनच बघा, संवाद फार गुंतागुंतीचे आहेत. आणि सिरीज न बघता थेट पिक्चर लावू नका, ट्रिक्सीच्या त्या ओरडण्याचा अर्थच लागणार नाही.