प्लिकर्स : एका मोबाईलवर सगळ्या वर्गाची उत्तरे

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गेली २३ वर्षे शिकवते आहे. वर्गात मोबाईल वापरायला मात्र गेल्या दोन वर्षांतच शिकले. या काळात हाताळलेली बहुतेक साधने मुलांना चित्रे किंवा चलचित्रे दाखवणारी होती. मुलांना नेमके काय समजले आहे, हे मला दाखवणारे साधन एकच मिळाले, ते म्हणजे प्लिकर्स हे मोबाईलवरचे ॲप. आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतील एका तरुण गुरुजींनी ते करून दाखवले आणि तेव्हापासून माझ्या तिसरीच्या २८ मुलांसाठी मी ते नेमाने वापरते.

प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचे एक कार्ड असते. त्यावर काळ्या चौकोनांची एक आकृती आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे छापलेली असतात. मुलाने आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. क्षणभरात पडद्यावर नावे उमटतात, बरोबर उत्तर हिरव्या रंगात आणि चुकलेले लाल रंगात. कार्डाचा क्रमांक हजेरी क्रमांकाशी जुळवून ठेवला की गोंधळ होत नाही. प्रत्येक कार्डावरची आकृती निराळी असल्यामुळे शेजारच्याचे कार्ड पाहून आपले फिरवण्याचा उपयोगही नसतो. काहूटसारख्या प्रश्नमंजुषेत मुलांच्या हाती यंत्रे द्यावी लागतात. येथे शिक्षकाचा एक मोबाईल पुरतो. प्रोजेक्टर असेल तर प्रश्न भिंतीवर दाखवता येतो, नसेल तर फळ्यावर लिहिला तरी चालते, आणि आमच्या शाळेत तसेच चालते.

कार्डे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. एका पानावर दोन कार्डे येतात, त्यामुळे माझ्या वर्गाचे काम १४ पानांत झाले. ती टिकावीत म्हणून मी चकचकीत लॅमिनेशन करून घेतले, आणि खिडकीकडच्या रांगेतील सहा-सात मुलांची उत्तरे मोबाईल वाचेना. कार्डावर पडलेल्या उजेडाची तिरीप आकृती झाकून टाकत होती. मग पुन्हा पाने छापून जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवली. ती आज दीड वर्ष टिकली आहेत. दुसरी अडचण बोटांची असते. लहान मुले कार्ड मधोमध घट्ट धरतात आणि आकृती झाकली जाते, म्हणून कडा चिमटीत धरण्याचा सराव आधी करून घ्यावा लागतो. पहिला आठवडा मी ‘आज कोणता वार आहे?’ असलेच प्रश्न विचारले आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला वाटते.

या साधनाचे खरे मोल कळले ते वजाबाकीत. ‘५३ मधून २७ वजा करा’ या प्रश्नाला मी २६, ३४, ३६ आणि ८० असे पर्याय दिले होते. ३४ निवडणारे मूल वरचा-खालचा न पाहता लहान अंक मोठ्या अंकातून काढते. ३६ निवडणाऱ्या मुलाने दशक सुटा केलेला असतो, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचे ते विसरलेले असते. ८० म्हणणाऱ्याने चिन्हच पाहिलेले नसते. त्या दिवशी नऊ मुले ३६ वर होती. त्यांत एक अशी मुलगी होती, जिची वही नेहमी स्वच्छ आणि बरोबर असते आणि जी वर्गात कधीही हात वर करत नाही. वही शेजारणीची पाहून लिहिलेली होती, हे मला वर्षाच्या मध्यावर कळले. दुसऱ्या दिवशी त्या नऊ जणांना घेऊन मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मांडून बसले. गठ्ठा सोडला की गठ्ठ्यांच्या जागी एक कमी होतो, हे त्या मुलीने आपल्या हाताने केले आणि मग स्वतःहून फळ्यापाशी येऊन ते उदाहरण सोडवले.

म्हणून प्रश्न तयार करताना चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. वाटेल ते आकडे टाकले तर लाल रंग दिसेल, पण चुकीचे मूळ दिसणार नाही. मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात. तिसरीच्या वर्गाला एका वेळी तेवढे पुष्कळ होतात. ॲपमधील सूचना इंग्रजीत आहेत, त्या शिक्षकालाच वाचायच्या असतात. मुलांची नावे आणि प्रश्न मी देवनागरीतच भरले आहेत. इंटरनेट लागते, त्यामुळे दुर्गम शाळेने त्याची सोय आधी पाहावी.

मात्र यातील निकाल आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीत जसाच्या तसा उतरवू नये. चार पर्यायांत अंदाजाने मारलेले उत्तरही चारांतून एकदा बरोबर येते, आणि उत्तर येत असूनही कार्ड उलटे धरलेले मूल लाल दिसते. लाल नाव दिसले की मी त्या मुलाजवळ जाऊन ‘कसे केलेस, सांग बरे’ असे विचारते आणि नोंद त्यानंतरच करते.