पन्नाशीतले कोपर आणि नवे गटिंग
पन्नाशी ओलांडल्यावरही ज्येष्ठांच्या बॅडमिंटन स्पर्धा खेळणाऱ्यांनी रॅकेटच्या गटिंगकडे, म्हणजे जाळीच्या तारा ताणून बसवण्याकडे, गांभीर्याने पाहावे, असे मला कळकळीने वाटते. वर्षानुवर्षे मी २७ पौंडांचा ताण ठेवत होतो आणि स्मॅश मारताना कोपरात कळ येई. ताण जास्त असला की शटलला वेग देण्याचा भार हातावर पडतो आणि हादराही तिथेच पोहोचतो. आमच्या भागातील गटिंगवाल्यांनी माझी पकड नीट पाहून योनेक्सचा ०.७० मिलिमीटर जाडीचा बीजी ६५ गट (तार) २३ पौंडांवर बसवला, शिवाय कडा फाटलेले दोन ग्रोमेटही (चौकटीच्या छिद्रांतल्या, तार जाते त्या प्लास्टिकच्या नळ्या) बदलले. आता तिसऱ्या गेममध्येही माझा बॅकहँड क्लिअर (उलट्या हाताने मारलेला उंच, लांब फटका) मागच्या रेषेपर्यंत जातो. रॅकेट मात्र दोन दिवस उशिरा मिळाली.