दिवेआगरला मे महिन्यात: खानावळ की खोलीवरचा स्वयंपाक?

पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघालात तर जेवणाची ऑर्डर माणगावातूनच फोनवर द्या. घरगुती खानावळी माणसं मोजून रांधतात. दीडला आयतं टपकलात तर वरण-भातावर भागवावं लागेल. उकडीचे मोदक मात्र तिथेच खावेत, खोलीवर तो उपद्व्याप नको.

मासळीसाठी आमचं मत खोलीवरच्या शेगडीला. सकाळी लवकर बाजार गाठा. कल्ला उघडून बघा: लालभडक हवा, तपकिरी नको. चौघांना किलोभर बांगडे, म्हणजे सात-आठ नग, पुरतात. तिरप्या चिरा देऊन मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि दोन चमचे आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळा; वीस मिनिटं पुरे. सुटलेलं पाणी निथळून मग रवा आणि तांदळाचं पीठ लावा. तुकडी तव्याला चिकटते ती बहुधा या पाण्यामुळे, नाहीतर तवा नीट न तापल्याने. कड कुरकुरीत होईपर्यंत उलथनं लावू नका.

सोलकढी मात्र दोन्हीकडे जपून. नारळाचं दूध त्या उकाड्यात लवकर आंबतं, म्हणून जेवायच्या आधीच करा. खानावळीत ‘आत्ताची का?’ विचारायला लाजू नका. धारदार सुरी घरूनच न्या, खोलीवरची टोमॅटोही कापत नाही.