आधी ७९२ (पुणे आकाशवाणी) लावून दाखवा म्हणा, मग पैसे द्या

पुण्यात स्वस्तातला एसडीआर, म्हणजे लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ, घेऊन एएम आणि शॉर्टवेव्ह ऐकायचा विचार करत असाल, तर आधी हे वाचा. 'एचएफ किट' (एचएफ म्हणजे शॉर्टवेव्हचा पट्टा) या नावाखाली मला साडेआठ हजारांचा गंडा घातला गेला. विकणारा अजून धंदा करतोय, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय. त्याचं नाव इथे देत नाही, तक्रारीत दिलं आहे.

किटमध्ये दोन गोष्टी होत्या. एक डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, त्यावर 'आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही-फोर' हे मॉडेलचं नाव छापलेलं. दुसरा 'एएम-शॉर्टवेव्ह बूस्टर', म्हणजे यूएसबीवर चालणारा काळा प्लास्टिकचा डबा, त्यावर निळा दिवा आणि एका बाजूने निघालेली मीटरभर तार. "सर, तुमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत ठेवला तरी जग ऐकाल," असं तो म्हणाला. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याची खोली होती, खाली तापकीर गल्लीची गर्दी. भर दुपारी त्याने लॅपटॉपवर मीडियम वेव्ह लावून दाखवली. वॉटरफॉलवर, म्हणजे स्टेशनं रेघांसारखी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, ठळक रेघाच रेघा, एकामागोमाग एक स्टेशन लागत होतं. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर "व्हॉट्सअॅपवर पाठवतो" म्हणाला.

घरी, सिंहगड रोडला, सगळं जोडल्यावर शॉर्टवेव्हवर नुसती घरघर. पुणे आकाशवाणी तेवढी क्षीण ऐकू येत होती. फोन केला तर म्हणाला ड्रायव्हर बदला. तो बदलला. मग म्हणाला तुमच्या एरियातच नॉइज आहे. मी लॅपटॉप आणि किट घेऊन पानशेतच्या बाजूला गेलो. आसपास ना घर ना विजेची तार, तरीही चित्र तेच. हे कळवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

पहिली शहानिशा डोंगलची. खऱ्या व्ही-फोरमध्ये आर८२८डी हा ट्यूनर असतो आणि शॉर्टवेव्हसाठी आतच अपकन्व्हर्टर (खालच्या लहरी ट्यूनरला झेपतील इतक्या वर नेणारं सर्किट) असतो. 'आरटीएल टेस्ट' हा फुकटचा प्रोग्राम चालवला की ट्यूनरचं नाव स्क्रीनवर येतं. माझ्याकडे आलं आर८२०टी. हा ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली जातच नाही. त्याच्या खालचं ऐकायचं तर ट्यूनर वगळून अँटेना थेट आरटीएल२८३२यू या चिपच्या पायांना पोचावी लागते. यालाच डायरेक्ट सॅम्पलिंग म्हणतात. डोंगल उघडून भिंगातून पाहिलं, तर चिपचे ४ आणि ५ नंबरचे पाय कोरडे. त्यांच्यापर्यंत काहीच आणलेलं नव्हतं. म्हणजे शॉर्टवेव्ह ऐकण्याची सोयच त्यात नव्हती. वरचं लेबल तेवढं व्ही-फोरचं.

डबा एपॉक्सीने भरलेला होता, त्यामुळे तो सदाशिव पेठेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांची हयात ट्रान्झिस्टर सेट उघडण्यात गेली आहे. हीट गनने एपॉक्सी मऊ करून ते चाकूच्या टोकाने एकेक ढपली काढत गेले. आत निघालं ते असं: यूएसबीच्या ५ व्होल्टवर एक रेझिस्टन्स आणि एक निळा एलईडी. अँटेनाची तार एका बाजूने आत आलेली आणि थेट केबलच्या मधल्या तारेला डाग देऊन जोडलेली. बस. ट्रान्झिस्टर नाही, कॉइल नाही, कपॅसिटरसुद्धा नाही. काका म्हणाले, "अहो, यात बूस्टर कुठाय? हा दिवा पेटतो तेवढाच." ते ऐकून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. चुकीचं सर्किट केलं असतं तर निष्काळजीपणा म्हटला असता. इथे आत काय आहे ते दिसू नये म्हणून मुद्दाम एपॉक्सी ओतलं होतं.

मग दुकानात दिसलं ते काय होतं? घरी आल्यावर व्हिडिओ लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. स्क्रीनवर मीडियम वेव्हचा बराच पट्टा आहे, पण ७९२ किलोहर्ट्झची जागा रिकामी. पुणे आकाशवाणीचं केंद्र १९५३ पासून आहे आणि ७९२ वरचा ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा. ते चालू असताना पुण्यात कुठलाही मीडियम वेव्ह रिसीव्हर लावला तर सर्वांत जाड रेघ तीच दिसायला हवी. शिवाय इतकी स्टेशनं लागायची तर त्यात दूरची हवीत, आणि दुपारी मीडियम वेव्हवर ती लागूच शकत नाहीत. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, डी थर त्या लहरी शोषून घेतो. तो थर विरला की, म्हणजे अंधार पडल्यावर, लांबचं ऐकू येऊ लागतं. आणि तिसरी गोष्ट: वीज कडाडली की वॉटरफॉलवर आडवी पांढरी रेघ उमटते. त्या व्हिडिओत अशा तीन रेघा आहेत, दोन जवळजवळ, तिसरी थोड्या अंतराने. थोड्या वेळाने अगदी त्याच अंतराने त्याच तीन रेघा परत येतात. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी रात्री केलेलं आयक्यू रेकॉर्डिंग (एका स्टेशनचं नव्हे, अख्ख्या पट्ट्याचं) तो पुन्हा पुन्हा वाजवत होता. एसडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगची फाइल लावली की पडदा अगदी जिवंत रिसीव्हरसारखाच दिसतो, स्टेशनही बदलता येतं.

म्हणून डेमो बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला ७९२ लावायला सांगा आणि ते वाजत असताना अँटेना स्वतःच्या हाताने काढा. रेघ झपकन बारीक झाली पाहिजे. सॉफ्टवेअरच्या डाव्या कोपऱ्यात सोर्स म्हणून डोंगलचं नाव आहे की फाइलचं, तेही बघा. कुणी साधं डायरेक्ट सॅम्पलिंगचं डोंगल 'अपकन्व्हर्टरवालं' म्हणून विकत असेल तर १५.३ मेगाहर्ट्झच्या आसपासचं एखादं जोरदार स्टेशन शोधा. चिपचं सॅम्पलिंग २८.८ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे १४.४ च्या वरचं सगळं खाली दुमडून येतं आणि तेच स्टेशन १३.५ जवळही वाजतं. खऱ्या अपकन्व्हर्टरमध्ये असं होत नाही. डायरेक्ट सॅम्पलिंग वाईट नाही, बरेच जण त्यावर मजेत ऐकतात, पण त्याची किंमत त्याच्याइतकीच असावी.

बूस्टरबद्दल मात्र ठाम सांगतो: शहरात त्याच्या मागे लागू नका, अगदी खरा असला तरी. या स्वस्त डोंगलमधला लहरींचे आकडे करणारा कन्व्हर्टर ८ बिटचा, म्हणजे २५६ पायऱ्या. जवळचं १०० किलोवॅटचं स्टेशन त्यातल्या बहुतेक पायऱ्या एकटंच खातं, दूरच्या क्षीण आवाजाला उरतंच काय? बूस्टर लावला की ७९२ आणखी फुगतं आणि शेजारच्यांच्या एलईडी दिव्यांचा खरखराटही. शॉर्टवेव्हच ऐकायची असेल तर मीडियम वेव्ह अडवणारा हायपास फिल्टर लावा, दोन्ही हवं असेल तर फक्त ७९२ कापणारा नॉच.

मला फरक पडला तो असा. लॅपटॉप बॅटरीवर घेतला, चार्जर काढला, निम्मी घरघर गेली. एकदा घरचा मेन स्विच बंद करून ऐकलं, तेव्हा कळलं की उरलेल्यातला मोठा वाटा राउटरच्या अॅडॉप्टरचा होता. तो बदलला. यूएसबीच्या केबलला आणि अँटेनाच्या केबलला फेराइट (नॉइज अडवणारी चुंबकीय कडी) लावले, केबलचे वेढे देऊन. मग दहा मीटर साधी तार इमारतीपासून लांब ताणली, तिच्या तोंडाशी तार आणि केबल जुळवणारा ९:१ चा ट्रान्सफॉर्मर. हे सगळं मिळून त्या डब्याच्या पाव किमतीतच बसलं. तार ताणायला जागा नसेल तर लूप (तारेच्या कड्याची) अँटेना करा आणि ती हाताने फिरवत राहा. एका कोनात शेजारचा नॉइज कमी होतो आणि स्टेशन टिकतं, तिथे थांबवा. आता खरं व्ही-फोर घेतलंय, रात्री ३१ आणि ४१ मीटर बँडवर बोलणं स्वच्छ समजतं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट आणि तो व्हिडिओ जोडता आला, त्यामुळे तुमच्याबाबत असं झालं असेल तर चॅट डिलीट करू नका. फोडलेला डबा आणि बनावट डोंगल जपून ठेवलं आहे. याच माणसाकडून किट घेतलेलं आणखी कुणी असेल तर कळवा, एकत्र तक्रार करू. आणि घ्यायचं ठरलंच असेल तर पैसे द्यायच्या आधी सांगा, डेमोला मी सोबत येतो.