सहल दीवची, मुक्काम उना गावात

आमच्या भिशीतल्या आणि सोसायटीतल्या मिळून बावीस जणांना दीवच्या सहलीसाठी मीच तयार केलं होतं. पैसेही मीच गोळा केले. त्यामुळे त्या सहलीत आम्ही कसे फसलो, हे लिहायची जबाबदारी माझी आहे.

टूरवाला अनोळखी नव्हता. वर्षभरापूर्वी त्यानेच आम्हाला अष्टविनायकाला नेलं होतं. गाडी वेळेवर आली, जेवण गरम होतं, ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही. त्या दोन दिवसांवर आम्ही पुढचा सगळा विश्वास टाकला. आता वाटतं, छोटी सहल चोख करून दाखवणं हाच त्याचा धंद्याचा पहिला भाग असावा. छोट्या सहलीत फसवून त्याला मिळणार तरी किती होतं?

पत्रकावर लिहिलं होतं: ‘७ दिवस दीव, सोमनाथ, गीर. थ्री एसी, समुद्राजवळ हॉटेल, जंगल सफारी, सर्व समावेश.’ माणशी साडेसोळा हजार, आणि पंधरा दिवसांत रोख भरले तर पंधरा हजार. बहुतेकांनी रोख दिले. ज्यांनी मोबाइलवरून पाठवले त्यांना वेगळ्याच बाईच्या नावाचं खातं दिलं होतं. ‘घरचंच खातं आहे मावशी’, असं तो म्हणाला आणि मी ऐकून घेतलं. पावती म्हणून वहीतला एक कागद मिळाला. त्यावर सही होती, जीएसटी क्रमांक नव्हता. तो पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कंपनीचं नोंदलेलं नाव समोर येतं. दोन मिनिटांचं काम होतं, मी केलं नाही.

रेल्वेच्या तिकिटांचा त्याने फोटो पाठवला होता. नावं, वयं, डबा सगळं दिसत होतं, फक्त वरची पीएनआरची ओळ कापलेली होती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. वांद्रे टर्मिनसला पोचल्यावर कळलं, चौदा जणांची तिकिटं कन्फर्म होती आणि आठ जणांची वेटिंगलाच राहिली होती. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे काढणाऱ्याच्या खात्यात परत जातात. म्हणजे आमच्या आठ जणांचं भाडं त्याला परत मिळालं, आणि आम्ही विनातिकीट ठरलो. टीसीने नियमाप्रमाणे भाडं आणि दंड दोन्ही घेतले. टीसीची यात काहीच चूक नव्हती. सत्तरीच्या दोन काकू रात्रभर एका बर्थवर आळीपाळीने आडव्या झाल्या. पीएनआर हातात असता तर १३९ वर एक मेसेज करून हे घरीच कळलं असतं.

टूरवाला स्वतः आलाच नाही. बरोबर एक विशीतला मुलगा पाठवला होता. ‘भाऊ पुढे दीवला भेटतील’, असं तो वेरावळपर्यंत सांगत होता.

सोमनाथाचं दर्शन छान झालं. संध्याकाळी बस एका हॉटेलसमोर थांबली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. समोर धान्याचं गोदाम, बाजूला टायरचं दुकान, हॉटेलच्या पाटीवर नावाखाली गुजरातीत लिहिलेलं ‘ઉના’ नव्हे तर चक्क ठळक अक्षरांत आपल्यालाही कळेल असं ‘उना’. मोबाइलवर नकाशा उघडला. दीव तिथून जवळपास पंधरा किलोमीटर. मुलगा म्हणाला, ‘मावशी, हे दीवच धरतात.’ कोणी धरत नाही. उना हे गुजरातमधलं तालुक्याचं गाव आहे, दीव केंद्रशासित आहे, मधे हद्द आहे. समुद्राचा तिथे वासही नाही. पत्रक पुन्हा काढून वाचलं तर ‘समुद्राजवळ’ एवढंच होतं. हॉटेलचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं.

हद्दीचा खरा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. ड्रायव्हरने बस दीवच्या हद्दीतल्या घोघला गावाच्या अलीकडेच उभी केली. त्याच्याकडे फक्त गुजरातचं परमिट होतं. दीवमध्ये जायचं तर वेगळा टॅक्स भरावा लागेल आणि मालकाने त्याचे पैसे दिलेले नाहीत, असं त्याने हात जोडून सांगितलं. ज्या बसला दीवमध्ये शिरता येत नाही, ती बस दीवच्या सहलीसाठी ठरवली होती! फोनाफोनीत दुपार गेली. शेवटी आम्हीच वर्गणी काढून रिक्षा केल्या.

दीवच्या वाट्याला चार तास आले. नायडाच्या गुहा पळत पाहिल्या. किल्ल्यासाठी पोर्तुगीजांनी दगड काढला तिथे हे बोगदे झाले, वरून झाडांची मुळं लोंबतात, उन्हाचे कवडसे पडतात. तिथे निवांत बसायला हवं. गंगेश्वरला लाटा पाच शिवलिंगांवर येऊन आपटत होत्या, तेवढं मात्र सगळ्यांनी मन भरून पाहिलं. किल्ल्यावर पोचलो तेव्हा तो बंद व्हायच्या बेतात होता.

आमच्यातले एक काका नौदलाच्या गोदीत नोकरीला होते. ते या सहलीला आले होते ते खुकरीच्या स्मारकासाठी. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी दीवजवळच्या समुद्रात बुडवली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. काका हे गाडीत दोनदा सांगून झाले होते. स्मारकाशी पोचेपर्यंत पूर्ण अंधार झाला होता. काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती आहे. काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला, तर काचेवर त्याच उजेडाचा गोळा दिसत राहिला, आतलं काहीच दिसेना. ते टॉर्च या बाजूने, त्या बाजूने धरून पाहत होते. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. शेवटी त्यांनी टॉर्च विझवला, नमस्कार केला आणि येऊन रिक्षात बसले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

जंगल सफारीचं तर आधीच लक्षात यायला हवं होतं. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. गीरचं जंगल दरवर्षी १६ जून ते १५ ऑक्टोबर पर्यटकांना बंद असतं. त्या दिवसांत कोणीही, कितीही पैसे घेऊन, आतली सफारी करवू शकत नाही. आम्हाला देवळियाला नेलं. तो कुंपण घातलेला सफारी पार्क आहे, बसमधून फिरवतात. सिंह दिसले, वाईट काहीच नाही. पण पैसे जिप्सीतल्या जंगल सफारीचे घेतले होते. खऱ्या सफारीचं परमिट वनखात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावाने आणि ओळखपत्राच्या नंबरासह निघतं. टूरवाल्याने आमच्यापैकी कोणाचंही ओळखपत्र मागितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या मॅनेजरने आमच्या बॅगा लॉबीतच थांबवल्या. फक्त दोन रात्रींचे पैसे जमा झाले होते, बाकीचे भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. बसमालकानेही डिझेलचे पैसे मागितले. टूरवाल्याचा फोन बंद. तो मुलगा पायरीवर बसून रडायला लागला, त्यालाही पगार मिळाला नव्हता. माणशी एकतीसशे रुपये पुन्हा काढले आणि घरी आलो.

परतल्यावर सगळ्यांचं मत पडलं, जाऊ दे, बोभाटा नको. मी ऐकलं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटीस गेल्यावर चाळीस हजार परत आले, पुढे काही नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अडचण एकच, रोख दिलेल्या पैशांचा पुरावा. मोबाइलवरून पाठवलेली प्रत्येक रक्कम दाखवता आली. रोख रकमेसाठी माझ्याकडे वहीतला तो कागद आणि बावीस जणांची शपथपत्रं एवढंच आहे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी मला नाताळच्या सहलीचं पत्रक दाखवलं. कंपनीचं नाव वेगळं होतं. ‘समुद्राजवळ हॉटेल’ तसंच, ‘सर्व समावेश’ तसंच, आणि खाली मोबाइल नंबर तोच. ताईंनी ॲडव्हान्स दिला नव्हता. मी त्यांना तिथेच बसवून टूरवाल्याला फोन करायला लावला आणि हॉटेलचं नाव विचारायला सांगितलं. ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.